एकच पथ्य

४ फेब्रुवारी

भाचीबाई,

फोनवर आपण दोघंही 'सगळं छान' म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून हे पत्र.

तुझी कार्डं सुरू होऊन महिना होत आला. पूर्वी वॉर्डातून आमच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या यायच्या. नर्सबाईंचं अक्षर, त्यावर तेलाचे डाग, आणि आम्ही चौघं वाकून त्या चिठ्ठीचा निकाल लावायचो. आता सकाळी यंत्र कुरकुरतं आणि प्रत्येक ताटासाठी एक कार्ड पडतं. खोली, खाट, आहाराचा प्रकार, आणि सगळ्यात खाली 'वर्ज्य'. कार्ड ताटाच्या कोपऱ्यात उभं करायचं, वाढायचं, ट्रॉलीत सरकवायचं.

पैलवान खूश आहे. पैलवान म्हणजे आमचा मुख्य स्वयंपाकी. अंगावर मांस नाही, म्हणून पैलवान. म्हणतो, 'मामा, या कार्डांनी माझ्या चष्म्याचा नंबर उतरवला.' तुझी मामी आजारी होती तेव्हा तिचं जेवण तो वेगळं शिजवायचा, तुला आठवत असेल.

एक सांगायचं राहिलं. ऑफिसात मी तुझी ओळख 'एक हुशार मुलगी, बाहेरगावी असते' एवढीच करून दिली आहे. स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकाने भाचीलाच काम दिलं म्हटलं असतं तर हॉस्पिटलच्या प्रशासक बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. इथे शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे मला मामाच म्हणतात, त्यामुळे बैठकीत तू दोनदा मामा म्हणालीस ते कुणाच्या कानाला टोचलं नाही.

तुझं काम नेमकं काय, ते चार ओळींत लिहून पाठव. लोक विचारतात आणि मी 'कॉम्प्युटरचं' म्हणून मान हलवतो.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चार ओळींत बसणार नाही, पण बघ.

वॉर्डात नर्स कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे भरते ते रोज पहाटे एका फाईलमध्ये उतरतं. ती फाईल म्हणजे डब्यात डबा. बाहेरचा मोठा डबा हॉस्पिटलचा. त्यात वॉर्डांचे डबे, वॉर्डात खोल्यांचे, खोलीत खाटांचे, आणि खाटेच्या डब्यात माणूस. माणसाच्या आतही डबे आहेत. त्यातला एक 'वर्ज्य' नावाचा. त्याला न चालणारे पदार्थ त्यात ओळीने ठेवलेले.

पण फाईल म्हणजे नुसता मजकूर. तिला काही विचारता येत नाही. माझा कोड एकेक डबा उघडत आत जातो आणि प्रत्येकातून एक वस्तू तयार करतो, जिला प्रश्न विचारता येतात. मग रुग्ण नावाच्या वस्तूला विचारायचं, तुला काय चालत नाही? ती सांगते. ते कार्डावर छापायचं. संपलं माझं काम.

चाचणीसाठी मी खोटे रुग्ण बनवले होते. त्यांच्याबाबत हात सैल सोडला. एकाला दूध, अंडं आणि तीळ बंद. एका आजींना गहू, सोयाबीन, मासे आणि मशरूम. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, 'या बाईने खायचं तरी काय?' मी म्हटलं, 'तो मामाचा प्रश्न.'

भाची असल्याचं लपवलंस ते मला आवडलं नाही. पण काम हवं होतं, म्हणून बैठकीत मीही गप्प बसले. तेव्हा तुला काही म्हणायला मला तोंड नाही.

तुझी भाची


२ मार्च

भाचीबाई,

वाईट बातमी आहे. घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो.

हाडांच्या वॉर्डात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. मंगळवारी दुपारच्या ताटात भोपळ्याचं सूप होतं, वर साय सोडलेली. बाईंनी दोन-तीन चमचे घेतले आणि घसा सुजायला लागला. शेजारच्या खाटेवरची मुलगी ओरडली म्हणून नर्स धावली. बाई अतिदक्षता विभागात आहेत. घशात नळी घातली होती, काल काढली. शुद्धीवर आहेत. बोलत नाहीत.

त्यांना दूध चालत नाही. वॉर्डातल्या पडद्यावर ते स्पष्ट लिहिलं आहे, दाखल झाल्या त्याच दिवशी भरलेलं. प्रशासक बाईंनी आम्हा सगळ्यांना तिथे उभं करून दाखवलं, आणि मग स्वयंपाकघरात घेऊन आल्या.

पैलवान म्हणतो, कार्डावर 'वर्ज्य'पुढे काही नव्हतं. कार्ड कुठे आहे? उष्ट्याबरोबर गेलं, रोज जातं तसं. प्रशासक बाईंनी विचारलं, 'पडद्यावर आहे आणि कार्डावर नाही, असं कसं होईल?' तो म्हणाला, 'ते मला कसं ठाऊक असणार? कार्ड सांगतं ते मी वाढतो.' मग माझ्याकडे वळला. 'मामा, तुम्ही सांगा ना यांना.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, कार्ड चुकत नाही.

चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलंय. जाताना त्याने एप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला.

तुझ्या कामावर कुणाचाही संशय नाही. तू तिकडे काही तपासत बसू नकोस.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

बाई आता कशा आहेत ते कळव. बोलायला लागल्या का?

एक सहज विचारते. त्यांना दूध सोडून आणखी काही वर्ज्य होतं का? की फक्त दूध?

परवा फोनवर सांगितलं तशी कार्डांची नवी आवृत्ती तू चालू केली असशीलच. किरकोळ सुधारणा आहेत. जुनी पुन्हा वापरू नकोस.

आई म्हणते, 'मामाला लिही, त्या स्वयंपाक्याला फार बोलू नको म्हणावं. माणूस आहे, विसरला असेल.' तिने सांगितलं म्हणून लिहिते एवढंच.

तुझी भाची


१८ मार्च

भाचीबाई,

बाई घरी गेल्या. हळू आवाजात बोलतात. गुडघ्याचं राहिलेलं ऑपरेशन केव्हा करायचं ते त्यांनी ठरवलेलं नाही. या हॉस्पिटलात नाही, एवढं मात्र ठरलंय.

नाही, आणखी काही नव्हतं. फक्त दूध.

नवी आवृत्ती त्याच दिवशी चालू केली. छान चालते. बऱ्याच कार्डांवर आता पूर्वी नसलेले पदार्थ दिसतात. कोपऱ्यातल्या खोलीतल्या एका आजोबांच्या कार्डावर अंडं वर्ज्य आलं. मी स्वतः विचारायला गेलो. म्हणाले, 'मी रोज अंडं बाजूला काढून ठेवत होतो. चार वेळा सांगितलं, मग म्हटलं जाऊ दे, यांना अंडी खपवायची असतील.' नर्सने उशिरा भरलं असणार. त्या तरी किती ठिकाणी पुऱ्या पडतील.

पैलवानाचं मात्र अवघड झालंय. कार्यालयाचं म्हणणं, नजरचूक झाली असं लिहून दे, माफी माग, मग भांडी विभागात ठेवून घेतो. तो ऐकत नाही. रविवारी मी त्याच्या घरी गेलो. माफीनामा मीच लिहून नेला होता, त्याला फक्त सही करायची होती. त्याने वाचला, परत दिला. 'मामा, माफी कशाची मागू ते तरी सांगा. मी काय केलं?' त्याची बायको दारात उभी होती. मी म्हटलं, अरे, हट्ट किती करशील, घर आहे मागे. तो म्हणाला, 'घर आहे म्हणूनच.'

महिनाअखेरपर्यंत सही नाही आली तर त्याला काढतील. मी तरी आणखी काय करायचं?

मामा


२५ मार्च

प्रिय मामा,

त्याने सही करू नये. चूक माझी आहे.

नीट लिहिते, कारण तुला समजलं पाहिजे. वॉर्डातला प्रोग्राम एखाद्याला दोन किंवा जास्त पदार्थ वर्ज्य असले तर त्यांचा डबा करतो आणि त्यात ते ओळीने ठेवतो. एकच असला तर डबा करत नाही. तो पदार्थ तसाच उघडा ठेवून देतो. आणि काहीच वर्ज्य नसलं तर काहीच ठेवत नाही.

माझा कोड डबा शोधायचा. डबा दिसला नाही की समजायचा, या माणसाला सगळं चालतं, आणि पुढे जायचा. ज्यांना एकच पथ्य होतं त्या सगळ्यांची कार्डं जानेवारीपासून कोरी निघत होती. मधुमेह, कमी मीठ हे 'आहाराचा प्रकार' या वेगळ्या जागी असतं, ते बरोबर येत होतं. म्हणून कुणाला कळलं नाही.

असं का लिहिलं तेही सांगते. सुरुवातीला कोड अडायचा. पथ्य नसलेला पहिला माणूस आला की डबा सापडत नाही म्हणून लाल अक्षरांत ओरडायचा आणि थांबायचा. दुसऱ्या दिवशी तुझ्या ऑफिसला दाखवायचं होतं. मी एक ओळ लिहिली. डबा नाही मिळाला तर रिकामा समज, आणि बोलू नकोस. ओरडणं थांबलं. कार्डं भराभर निघाली. तुमच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. त्याऐवजी 'काहीच ठेवलेलं नसेल तरच रिकामा समज' एवढं लिहिलं असतं तर कोड एकच पथ्य असलेल्या पहिल्याच खाटेपाशी अडला असता, एकही कार्ड निघालं नसतं, आणि तू वैतागून मला फोन केला असतास.

माझ्या खोट्या रुग्णांत एकच पथ्य असलेला कुणी नव्हता. एकच पथ्य मला बनवण्यासारखं वाटलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फाईल उघडली. हातातला चहा थंड होण्याआधी चूक सापडली. मग मी काय केलं? आधी दुरुस्ती केली आणि तिला किरकोळ सुधारणा म्हटलं. नंतर तुला 'सहज' विचारलं. ते सहज नव्हतं. त्यांना दुधाबरोबर आणखी काहीतरी वर्ज्य असावं, म्हणजे चूक माझी ठरणार नाही, असं घोकत बसले होते. बाई अतिदक्षता विभागात होत्या आणि मी त्यांच्यासाठी आणखी एक दुखणं मागत होते.

कुठल्याही दिवसाचं कार्ड पुन्हा छापता येतं, रुग्ण खाटेवर नसला तरी. ते बटण तूच मागून घेतलं होतंस. त्या दिवशी कुणाला आठवलं असतं तर पैलवान घरी बसला नसता. आता ते दाबलंस तर कार्ड भरलेलं निघेल, दुधासकट. त्याच्या बाजूने असलेली एकुलती एक गोष्ट मी सुधारणेत पुसून टाकली.

तुला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माझ्यामुळे तो माफीनामा घेऊन तुला त्याच्या दारात उभं राहावं लागलं. त्याची मला फार लाज वाटते.

सोबत प्रशासक बाईंना लिहिलेल्या पत्राची प्रत आहे. तू माझा मामा आहेस हे त्यात लिहिलंय. तू वाच. तुझं उत्तर आलं की पाठवते.

तुझी भाची


४ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रत फाडून टाकली.

शांतपणे विचार कर. बाई बऱ्या आहेत. कार्डं आता बरोबर निघतात. जे सुधारायचं ते सुधारलं. आता पत्र पाठवून कुणाचं भलं होणार? तुझ्या नावाला बट्टा लागेल. इतक्या लहान वयात लागलेला डाग जात नाही, जिथे जाशील तिथे कुणीतरी फोन करून विचारेल. माझं म्हणशील तर, भाचीला काम दिलं, लपवलं, तिच्या चुकीने माणूस मरता मरता वाचला, आणि मामाने स्वयंपाक्याला पुढे केलं. असंच बोलतील. त्यात खोटं किती, खरं किती, कोण बघत बसतो.

पैलवानाला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम लागलंय. बरं चाललंय त्याचं. इथल्यापेक्षा बरं. भेटला होता, हसला.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिचा रक्तदाब आधीच वर असतो.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

मामा


१२ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. सुटले, असं वाटलं. मामा नको म्हणतो, मोठा माणूस आहे, त्याला जास्त कळतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. आई म्हणाली, 'आज रंग आलाय तोंडावर.'

दोन दिवस तो रंग टिकला. मग कामाला बसले. दुसऱ्या कुणाची तरी फाईल होती, दुकानातल्या मालाची. कोड अडला. माझा हात आपोआप तीच ओळ लिहायला लागला. अर्धी लिहून झाली होती.

मी उठले आणि पत्र पाठवलं. तू नको म्हणाला होतास हे त्यात लिहिलेलं नाही. तुला काही माहीत नव्हतं, असं लिहिलंय, कारण मी सांगेपर्यंत नव्हतंच. शाळेतल्या बाईंनाही वेगळं लिहिलं आहे. त्यांनी उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही.

तू रागावशील. आईला मी सगळं सांगितलं. ती माझ्या हातातलं भांडं घेऊन स्वतः घासायला लागली.

तुझी भाची


२९ एप्रिल

भाचीबाई,

रागावलो नाही. उशीर एवढ्यासाठी झाला की हे पत्र लिहिता येत नव्हतं.

प्रशासक बाईंनी तुझं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं. ठरलं ते असं. तुझं काम थांबवलं, दुसरी कंपनी येईल. पैलवानाला परत बोलावायचं, मधल्या दिवसांच्या पगारासह. मला नातं लपवल्याबद्दल लेखी समज. शेवटी बाई म्हणाल्या, 'मामांनाही बिचाऱ्यांना अंधारात ठेवलं होतं.' मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

मी अंधारात नव्हतो. त्या मंगळवारी सगळे पांगल्यावर मी ते बटण दाबलं होतं. कार्ड पडलं. 'वर्ज्य'पुढे कोरं. मी ते उष्ट्याच्या पिंपात टाकलं, वर खरकटं लोटलं आणि हात धुतले. तू तपासत बसू नकोस असं लिहिलं ते म्हणूनच. नर्सने उशिरा भरलं असेल, तेही म्हणूनच. त्या क्षणी डोळ्यांसमोर तू आलीस, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. आधी मीच आलो होतो. तू नंतर आलीस.

कॅन्टीनचंही खोटं होतं. तो घरीच होता.

बोलावणं घेऊन मीच गेलो. बायकोने दार उघडलं, पाणी विचारलं नाही. तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. मी कार्यालयाचं पत्र दिलं. त्याने ते वाचलं. मग म्हणाला, 'मामा, तेव्हा कार्ड परत छापून बघितलं होतंत का? ते बटण तुम्हीच मला दाखवलं होतंत.'

'हो.'

'कधी?'

'त्याच दिवशी.'

'आणि मग माफीनामा घेऊन आलात.'

'हो.'

'अक्षर छान आहे तुमचं,' तो म्हणाला.

मी उठलो. जिन्याखालच्या दारापाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाला, 'उद्या येतो. पण जिथे बोललात तिथे बोला.'

दुसऱ्या दिवशी सगळे जमेपर्यंत मी थांबलो. कोठीवाला, भांडीवाल्या बाई, ट्रॉलीवाली मुलं. पैलवान मोठ्या कढईपाशी पाठ करून उभा होता. मी म्हणालो, त्या दिवशी मी कार्ड चुकत नाही म्हणालो होतो. कार्ड चुकलं होतं. ते मी पाहिलं होतं आणि फेकून दिलं. ती मुलगी माझी भाची आहे, पण ती खरं बोलली. मी बोललो नाही. पैलवानाने काही केलं नव्हतं.

कोठीवाला म्हणाला, 'मामांनी सगळ्यांनाच मामा बनवलं की.' कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. भांडीवाल्या बाईंनी नळ बंद केला होता, तो पुन्हा सोडला. आता हे सगळं प्रशासक बाईंनाही सांगणं आलं. दुपारी जाऊन सांगितलं. त्यांनी पुढच्या महिन्यापासून माझ्या जागी दुसरा माणूस बघायला घेतलाय.

पण ते दुपारचं. सकाळी मी तिथेच उभा होतो. पैलवान काही बोलेल म्हणून थांबलो होतो. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तो झारा फिरवत होता. शेवटी त्याने मान वळवली.

'मामा, कांदा करपतोय. बाजूला व्हा.'

मी बाजूला झालो.

मामा